धोंडे फक्त सोम, बुध, शुक्र

जावयाला उपाशी मारल्याचा आरोप माझ्यावर झाला, तेव्हा त्या जावयाचं वजन तीन आठवड्यांत चार किलोंनी वाढलेलं होतं.

अर्णव, सई, तुम्ही दोघं तिकडे बर्फात. तुमच्या चुलत बहिणीच्या, ऋतुजाच्या लग्नाला तुम्हाला येता आलं नाही, त्यामुळे तिचा नवरा विशाल तुम्ही फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलाय, तोही मानेपर्यंत. मानेखाली काय घडलं, ते आज सांगते.

ऋतुजा इथे केजला एका दवाखान्यात नर्स आहे, म्हणून लग्नानंतर ती दोघं आमच्याच वरच्या खोल्यांत राहायला आली. विशालराव पोलीस भरतीची तयारी करत होते. गेल्या खेपेला गोळाफेकीत चांगले मार्क पडले, पण सोळाशे मीटर पळण्यात गेले, आणि त्यांच्याबरोबर नोकरीही गेली. यंदाची खेप शेवटची. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार. त्यामुळे घरात त्या सोळाशे मीटरचं नाव देवाच्या नावासारखं हळू आवाजात घेतलं जाई.

"आजी, व्यायामाचं ते बघतात," ऋतुजा मला म्हणाली. "खाण्याचं तेवढं तू बघ. माझ्या ड्युट्या कशाही असतात."

हे ती कुणाला म्हणाली? जिने एकतीस वर्षं इंग्रजी शिकवता शिकवता शाळेचं वेळापत्रक बनवलं, आणि एका वर्गावर एका तासाला कधी दोन शिक्षक येऊ दिले नाहीत, तिला!

दोन दिवस चष्मा लावून मी इंग्रजीतले लेख वाचले, टिपणं काढली. (तुमचे आजोबा म्हणाले, "भरती त्याची आहे ना? नाही, आपली खात्री करून घेतो.") लेखांचा मथितार्थ असा, की जे स्ट्रेंथचे दिवस, म्हणजे जोर, बैठका, वाळूचं पोतं आणि गोळा, त्या दिवशी प्रथिनं भरपूर हवीत. कार्डिओच्या दिवशी, म्हणजे पळण्याच्या, पोट हलकं हवं. मी तक्ता आखला. सोम, बुध, शुक्र ताकद, मंगळ, गुरु, शनि पळणं, रविवारी विश्रांती. ताकदीच्या दिवशी दोन अंडी, मोड आलेली मटकी, दाण्याची चटणी, ताक. पळण्याच्या दिवशी केळं, ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, रात्री मऊ खिचडी. तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला लावला आणि तळाशी लाल शाईने एकच सूचना लिहिली: ताटात काहीही टाकू नये. वाटी न् वाटी मोजलेली होती. टाकलं तर गणित चुकलं असतं.

घात केला तो त्या लाल शाईने. पण तेव्हा ती फार शोभून दिसत होती.

पहिले पंधरा दिवस सगळं घड्याळासारखं चाललं. आजोबा रोज सकाळी मैदानावर प्लास्टिकची खुर्ची टाकून वेळ मोजत. (मोजण्याशिवाय दुसरा व्यायाम त्यांनी त्या महिन्यात केला नाही.) सहा मिनिटांची पाच चाळीस झाली.

"आजी, तुमचा तक्ता लई भारी हाय," विशालराव म्हणाले. पोरगा गुणी. वाढलं ते खातो, सांगितलं ते ऐकतो, मोठ्या माणसाला नाही म्हणत नाही. हा तिसरा गुण म्हणजे मोठं संकट असतं, हे मला पुढे कळलं.

मग अधिक महिना लागला.

तुम्हाला तो आठवायचं कारण नाही. तीन वर्षांतून एकदा येतो. या महिन्यात जावई म्हणजे प्रत्यक्ष नारायण. त्याला जेवायला बोलवायचं आणि धोंडे वाढायचे. धोंडा म्हणजे पुरण भरलेला, मुठीएवढा, कणकेचा उकडलेला गोळा, वर तुपाची धार. आणि लग्नानंतरचा पहिला अधिक असला, की सासुरवाडीचं एकही घर मागे राहत नाही. आपली घरं मी मोजली. एकोणीस भरली.

पहिला फोन सिरसाळ्याहून आला. कौसल्यावन्सं, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. वन्संचा आवाज असा, की फोन नसता तरी चाललं असतं.

"वहिनी, जावईबापूला मंगळवारी धाडून द्या."

"वन्सं, मंगळवारी त्यांचं पळणं असतं."

"मंग पळत येऊ द्या."

"तसं नाही. पळण्याच्या दिवशी हलकं खायचं असतं. धोंडे नाही चालणार."

"आन् चालायचे कवा?"

मी तक्त्याकडे पाहिलं. आणि इथे, बाळांनो, मला ती कल्पना सुचली, जिच्याबद्दल मी त्या वेळी स्वतःवर खूश होते. लोकांना नाही म्हणायचं नाही. फक्त वार द्यायचा. मी घरच्या ग्रुपवर निवेदन टाकलं: "सर्व नातेवाईकांस कळविण्यात येते की, चि. विशाल यांना धोंड्याच्या जेवणाचे निमंत्रण केवळ सोमवार, बुधवार व शुक्रवारी द्यावे. अधिक मासात अंडी वर्ज्य असल्याने पुरणासोबत प्रथिनांची सोय अवश्य करावी."

खाली लगेच सतरा जणांनी हात जोडले. फक्त वन्संनी आवाज पाठवला: "वहिनी, जावई हाय का शाळंतलं पोरगं?"

पहिलं जेवण युसूफ वडगावला, माझ्या पुतणीकडे. सोमवारी दुपारी विशालराव आणि ऋतुजा मोटारसायकलवर गेले आणि दिवेलागणीला परत आले. विशालराव दारात घामाघूम उभे.

"किती खाल्ले?" मी वही उघडून विचारलं.

"नऊ."

"नऊ? कशाला?"

"ताटात टाकायचं न्हाई म्हणलतात ना."

हे मला बरोबर वाटलं. शिस्तीचा माणूस! मी नऊ आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोळाशे मीटरला पाच पन्नास लागली.

बुधवारी दोन घरं, दुपारी एक आणि संध्याकाळी एक, कारण वार बारा-तेरा आणि घरं एकोणीस. गुरुवारी सहा मिनिटं. शुक्रवार झाला, शनिवारी सहा दहा. आजोबा घड्याळ माझ्यासमोर धरून म्हणाले, "अगं, अजून दोन धोंड्यांची घरं झाली की हा चालत येणाऱ्या माणसाच्या मागे पडेल."

मी घाबरले. तो पोरगा नापास झाला असता, तर आयुष्यभर एकोणीस घरं एकच बोट दाखवणार होती, आणि ते बोट तक्त्याकडे नसतं, तक्ता लिहिणारीकडे असतं. शिवाय ऋतुजा रोज संध्याकाळी काही न बोलता ते वहीतले आकडे बघून जायची. ते मला बोलण्यापेक्षा लागायचं.

तेव्हा मी शिक्षिका करते तेच केलं. नियम आणखी कडक केले. धोंड्याचं खाणं कमी करणं माझ्या हातात नव्हतं, पण दुसऱ्या दिवसाचं होतं. पळण्याच्या दिवशीची भाकरी मी अर्धी केली. केळं बंद. वरणातला मूग बाजूला काढून वरचं पाणी दिलं.

आणि नेमक्या अशा एका मंगळवारी सकाळी, सांगावा न धाडता, कौसल्यावन्सं हजर. हातात पिशवी, पिशवीत करडईची भाजी. त्या थेट स्वयंपाकघरात आल्या. विशालराव पाटावर बसले होते. ताटात अर्धी भाकरी आणि वाटीभर पिवळं पाणी.

वन्संनी वाटी उचलून उजेडात धरली.

"ह्ये काय हाय?"

"मुगाचं कढण," मी म्हटलं.

"मूग कुठं गेलता?"

विशालराव खाली मान घालून भाकरी खात राहिले.

"वहिनी, अधिक महिन्यात जावयाला उपाशी मारता? आवं, कैद्याला तुरुंगात सुद्धा डाळ देतेत."

"वन्सं, काल त्यांनी दोन घरी मिळून तेरा धोंडे खाल्लेत."

"त्ये काल. आज काय खाल्लं?" मग त्यांच्याकडे वळून, "जावईबापू, शुक्करवारी माझ्याकडं या. तुमची प्रथिनं मी बघते."

शुक्रवारी आजोबा आणि मी एसटीने आधीच सिरसाळ्याला पोहोचलो. काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं होतं. पंगत बसली. वन्संनी झाकण काढलं. धोंड्यांचा रंग वेगळा होता, तपकिरी.

"हरभऱ्याच्या डाळीत निम्मे हुलगे घातलेत," वन्सं म्हणाल्या. "शिजवून, वाटून, गूळ घालून."

हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं ऐकलं होतं, शेंगोळे खाल्ले होते. हुलग्याचं पुरण जगात त्या दिवशी पहिल्यांदा झालं असावं.

"वन्सं, हुलगे कावून?" मी विचारलं. (त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप घसरते.)

"घोड्याला काय चारतेत? हुलगेच ना? मंग? घोडा कदी बसल्याला बघितलाय का?"

यावर इंग्रजीतल्या कुठल्याही लेखात उत्तर नव्हतं. आजोबांनी एक धोंडा हातात तोलला आणि म्हणाले, "गोळाफेकीचा सराव इथंच करून जाऊ द्या."

मग मला ते दिसलं, जे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. विशालरावांनी दोन धोंडे संपवले. ताट स्वच्छ. माझी लाल शाई! आणि आपल्याकडे जावयाचं ताट रिकामं दिसलं, की वाढणारीने वाढलंच पाहिजे. रिकाम्या ताटासमोर जावई बसून राहिला तर घराची अब्रू जाते. वन्संनी दोन वाढले. विशालरावांनी ते संपवले, कारण टाकायचं नाही. ताट रिकामं झालं, म्हणून वन्संनी दोन वाढले. तो थांबेना, त्या थांबेनात. दोघंही नियम पाळत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर थोडी थोडी भीती होती.

अकराव्याला मी हळूच म्हटलं, "विशालराव, एक ताटात राहू द्या."

त्यांनी अर्धा ठेवला. वन्संचा चेहरा उतरला.

"चव बिघडली का, जावईबापू?"

"न्हाई न्हाई, आत्याबाई."

"थंड झाला आसंल," म्हणून त्यांनी तो अर्धा उचलला आणि दोन गरम वाढले.

त्या रात्री आम्ही सिरसाळ्यालाच राहिलो. ऋतुजा आणि विशालराव मात्र उन्हं कलल्यावरच मोटारसायकलवर परत निघाले होते. शनिवारी ऋतुजाने फोनवर वेळ सांगितली. सहा पंचवीस. मी फोन ठेवला आणि किती तरी वेळ पदराने चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

महिना संपत आला. एकोणिसापैकी अठरा घरं झाली. एकोणिसावं माझं. मी स्वतःला शेवटचा शुक्रवार दिला होता. आणि मैदानी परीक्षेचा निरोप आला: बीड, शनिवार, सकाळी.

"मी माझे धोंडे रद्द करते," मी जाहीर केलं.

वन्सं फोनवर म्हणाल्या, "अमावास्या झाल्यावर मंग तीन वर्सं थांबा. आन् शुक्करवार तर तुमच्या तक्त्यात बसतोय की." मग जरा थांबून, "मी येते. बोलणार काय न्हाई. बसती नुसती."

माझी योजना पक्की होती. धोंडे फक्त दोन करायचे. मग वाटलं, आजोबांना नकोत का? आणि ऋतुजाला? वन्सं? आणि मोदकपात्र रिकामं कशाला लावायचं? मोजून सोळा झाले.

शुक्रवारी विशालरावांना ओवाळलं. दोन वाढले, वर तूप. वन्सं समोर मांडीवर हात ठेवून बसल्या, खरोखर तोंड मिटून. विशालरावांनी दोन संपवले आणि माझ्याकडे पाहिलं. ताट रिकामं.

वन्संनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

मुलांनो, डोकं माझं इंग्रजीत शिकलंय, पण हात इथेच वाढलेत. मी "पुरे आता" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या हाताने तिसरा वाढला. खरं सांगते, मी त्याला सांगितलं नव्हतं. मग चौथा. तिकडे आजोबा मैदानावरच्या आवाजात मोजू लागले, "सात... आठ..." अकरावर विशालरावांनी ताटावर दोन्ही हात पालथे घातले, आणि वन्सं पहिल्यांदा बोलल्या: "वहिनी, मी एक शब्द बोलले का?"

तासाभराने विशालराव चपला शोधू लागले. "आजी, जरा बाहेर चक्कर मारून येतो."

"अजिबात नाही. उद्या परीक्षा आहे. आज विश्रांती."

"थोडंसंच—"

"विशालराव, वर जाऊन आडवे व्हा."

ऋतुजा मधे पडली, "आजी, जाऊ दे ना त्यांना, त्यांना सवय—" मी तिचंही ऐकलं नाही. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून मी संध्याकाळपर्यंत बसले. अकरा धोंडे वाढल्यानंतर निदान शिस्त तरी दाखवावी, एवढाच हेतू. वरून पलंग कुरकुरल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. पोरगा जेवणाच्या वेळीही उठला नाही.

शनिवारी पहाटे ती दोघं बीडला गेली. वन्सं माझ्याकडेच राहिल्या होत्या. आम्ही दोघी फोन मधे ठेवून शेंगा फोडत बसलो. कुणीही खात नव्हतं.

"वहिनी, गेलंच पळणं, तर लोकं कुणाचं नाव घेतील?"

"माझंच. दुसऱ्या कुणाचं?"

वन्संनी चार-पाच शेंगा फोडल्या. "आर्धं माझं घ्या म्हणावं. हुलगे माझे व्हते."

चाळीस वर्षांत त्यांनी मला दिलेली ही सर्वात मोठी भेट. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात फोन वाजला.

"आजी, पाच चोवीस!" ऋतुजा ओरडत होती. "सोळाशे मीटर, पाच चोवीस! आणि गोळा तर असला लांब गेला, की मोजणारे दोनदा मोजत होते!"

वन्संनी पदर डोळ्यांना लावला. मी वही उघडली. पाच चोवीस कुठल्या रकान्यात बसवायचे, ते मला कळेना.

"ऋतुजा, पण हे झालं कसं? काल तर अकरा—"

"आजी, आता सांगते, रागावू नको. धोंडे खाल्ले, की यांना गाडीवर बसवत नव्हतं. वाकलं की सगळं गळ्याशी येई. मग गावाबाहेर आलो, की हे उतरायचे. आधी चालायचे, हलकं वाटलं की पळायचे. मी मागून गाडी घेऊन."

"किती?"

"युसूफ वडगावहून आठ-नऊ किलोमीटर. सिरसाळ्याहून त्याच्यावर. दोन घरं असली, की दोनदा."

"मग सांगितलं का नाही?"

"तो ताकदीचा दिवस असायचा ना. तक्त्यात पळणं नव्हतं. हे म्हणाले, आजीला कशाला दुखवायचं."

मी गणित नव्याने मांडलं. म्हणजे ज्या सकाळी मी त्यांची वेळ बघून काळजीत पडत होते, त्या सकाळी हा पोरगा आदल्या संध्याकाळी दहा किलोमीटर पळून आलेला असे. त्याचे पाय भरून आलेले, आणि मी त्याची भाकरी अर्धी करत होते. सबंध महिन्यात तो ताज्या पायांनी एकदाच पळाला: मी जिन्यात खुर्ची टाकून बसले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी. वन्संचा उपाशी मारल्याचा आरोप शब्दशः खरा होता. मी तो त्यांना त्याच क्षणी कबूल केला. त्या म्हणाल्या, "मला म्हाईतच व्हतं."

लेखी परीक्षा विशालरावांची पक्की होती, तीही निघाली. नाव यादीत लागलं त्या आठवड्यात वन्संनी सिरसाळ्यापासून केजपर्यंत एकच गोष्ट सांगितली: माझ्या हुलग्याच्या धोंड्यानं जावई घोड्यासारखा पळाला. आता भरतीची तयारी करणाऱ्यांच्या आया आमच्या दारात. वन्सं ओसरीवर बसून तोंडी कृती सांगणार, आणि बायका म्हणणार, "ध्येनात ऱ्हात न्हाई, लिहून द्या."

"वहिनी, तुमीच लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय," वन्सं म्हणाल्या.

आतापर्यंत मी चौदा जणींना लिहून दिलं. हुलगे किती, डाळ किती, गूळ किती, वाफ किती वेळ. सगळं टापटीप, अधोरेखित. चौदाव्या बाईला मी म्हटलं, "कागद उलटा करा, मागच्या बाजूला व्यायाम आणि आहाराचं वेळापत्रकही लिहून देते."

तिने कागद चटकन माझ्या हातातून काढून घेतला.

"मागं नका लिहू बाई," ती म्हणाली. "मागं मला किराणाची यादी करायची हाय."